सेन्सरवर प्रतिजैविकाचा परिणाम मोजताना: आलेख वाढ दाखवतोय की नुसता चयापचय?

ओहम (धागाकर्ता)

प्रतिजैविकाचा परिणाम दुसऱ्या दिवशी प्लेटवर बघण्याऐवजी सेन्सरवर दोन-तीन तासांत बघायचा, यावर इथे वेगवेगळ्या धाग्यांत सुटं सुटं बोलणं झालं आहे. ते एका जागी यावं म्हणून हा धागा. दवाखान्यातली स्वयंचलित यंत्रं हा विषय नाही. छापील इलेक्ट्रोड, साधा पोटेन्शिओस्टॅट (विभव देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) आणि इनक्युबेटर एवढ्यावर जे होतं तेवढंच बोलू.

कुठलाही सेन्सर ‘हा जिवाणू या औषधाला दाद देतो’ असं थेट मोजत नाही. रेझाझुरिन या रंगावर चालणारा सेन्सर पेशी त्या रंगाचं क्षपण (त्याला इलेक्ट्रॉन देणं) किती वेगाने करतात ते मोजतो. इम्पिडन्सवाला, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या विरोधावर चालणारा, इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर काय चिकटलं आणि द्रावणात आयन किती वाढले ते मोजतो. प्रकाश देणारे रिपोर्टर स्ट्रेन एखादं जनुक किती चालू झालं ते सांगतात. या गोष्टींचं पेशींच्या संख्येशी असलेलं नातं औषधागणिक बदलतं, आणि ते माहीत नसेल तर सुबक आलेखही चुकीचा वाचला जातो.

पाया म्हणून रेझाझुरिनची पद्धत देतो. बाकीच्यांनी त्यावर भर घालावी.

जिवाणू ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (जिवाणू-संग्रहातला प्रमाण स्ट्रेन). १८ ते २४ तासांच्या ॲगार प्लेटवरून ३ ते ५ वेगळ्या वसाहती उचलून सलाइनमध्ये ०.५ मॅकफार्लंड इतका गढूळपणा आणा. ६२५ नॅनोमीटरला, १ सेमीच्या क्युव्हेटमध्ये, शोषण ०.०८ ते ०.१३ यायला हवं. म्हणजे मिलिलिटरमागे साधारण १५ कोटी पेशी. कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये ते १५० पट विरळ केलं की १० लाख होतात. वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खाचेत) ५० मायक्रोलिटर दुप्पट तीव्रतेचं औषध आणि ५० मायक्रोलिटर जिवाणू घातले की शेवटी मिलिलिटरमागे ५ लाख. हे सगळं अर्ध्या तासात उरका. सलाइनमध्ये जास्त वेळ ठेवलेल्या पेशींची सुस्ती वाढते आणि सगळे आलेख उजवीकडे सरकतात.

औषध सिप्रोफ्लॉक्सासिन, अंतिम तीव्रता ०.००१ ते ०.१२५ मिग्रॅ प्रति लिटर, दुपटीच्या ८ पायऱ्या. या स्ट्रेनची एमआयसी (वाढ रोखणारी किमान तीव्रता) ०.००४ ते ०.०१६ मध्ये यायला हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना पुरेशी जागा राहते. पावडर तोलताना बाटलीवरची पोटेन्सी धरा. समजा ती मिग्रॅमागे ९४० मायक्रोग्रॅम आहे आणि १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिचं १० मिलि द्रावण हवं आहे, तर १० × १००० ÷ ९४० = १०.६४ मिग्रॅ घ्यायची. मूळ सिप्रो उदासीन पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचं हायड्रोक्लोराइड घ्या, नाहीतर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून मग ब्रॉथमध्ये विरळ करा.

३५ अंश सेल्सिअसला २ तास. मग प्रत्येक वेलमध्ये ०.०१ टक्के रेझाझुरिन १० मायक्रोलिटर, म्हणजे अंतिम सुमारे ३६ मायक्रोमोलर. आणखी ४५ मिनिटं अंधारात. मग ८० मायक्रोलिटर उचलून कार्बनच्या छापील इलेक्ट्रोडवर ठेवा आणि डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्री (विभव पायरीपायरीने बदलत प्रवाह मोजणं) चालवा: ० ते उणे ०.८ व्होल्ट, पायरी ५ मिलिव्होल्ट, पल्स ५० मिलिव्होल्ट. शिखर नेमकं कुठे येतं ते पीएच आणि रेफरन्स इलेक्ट्रोडवर (ज्याच्या तुलनेत विभव मोजतात त्यावर) ठरतं, म्हणून आधी बिनजिवाणूच्या ब्रॉथमध्ये रेझाझुरिन टाकून ते शोधून ठेवा.

रेझाझुरिन निळं. जिवंत पेशी त्याचं गुलाबी रेझोरुफिन करतात आणि ती पायरी परत फिरत नाही. पण जास्त वेळ ठेवलं तर रेझोरुफिनचं पुढे रंगहीन डायहायड्रोरेझोरुफिन होतं, आणि ही दुसरी पायरी उलटसुलट होते. त्यामुळे खूप वाढ झालेली वेल फ्लोरोमीटरवर परत फिकी दिसते आणि अनुभव नसलेला माणूस तिला ‘वाढ नाही’ म्हणून मोकळा होतो. ४५ मिनिटांची मर्यादा त्यासाठी आहे.

---

प्रवाळ

उत्तम धागा. एक शंका. ५ लाखांऐवजी सरळ १ कोटी पेशी घेऊन सुरुवात केली तर हे सगळं तासाभरात होणार नाही का? सिग्नल तर लगेच येईल.

---

सूक्ष्मदर्शी

@प्रवाळ, सिग्नल येईल, पण ज्या एमआयसीशी तुलना करायची ती ५ लाखांना मोजलेली असते. इथेच घोडं पेंड खातं.

आधी वेळेचा हिशोब. ५ लाखांवरून १ कोटी म्हणजे २० पट, म्हणजे सुमारे ४.३ दुपटी. या ब्रॉथमध्ये ई. कोलायची एक दुपट २० ते २५ मिनिटांत धरली तर तुम्ही साधारण दीड तास वाचवता. बहुतेक इम्पिडन्स सेन्सरांना मिलिलिटरमागे १० लाख ते १ कोटी पेशी झाल्याशिवाय काही दिसत नाही, म्हणून जास्त पेशी टाकायचा मोह होतो.

आता किंमत. बीटा-लॅक्टमेझ तयार करणाऱ्या स्ट्रेनमध्ये पेशी २० पट म्हणजे औषध तोडणारं एन्झाइमही २० पट. सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम, पिपरासिलिन यांची एमआयसी अशा वेळी बऱ्याच पायऱ्यांनी वर सरकते. सेन्सर प्रामाणिकपणे वाढ दाखवतो आणि तुम्ही स्ट्रेनला प्रतिरोधक म्हणता. सिप्रो किंवा जेंटामायसिनमध्ये हा परिणाम पुष्कळ कमी असतो. त्यामुळे एका औषधावर बसवलेली पद्धत दुसऱ्याला डोळे झाकून लावता येत नाही.

उलट टोकाचा धोकाही आहे. नॅनोलिटरच्या खोल्या असलेल्या चिप आकर्षक वाटतात, पण मिलिलिटरमागे ५ लाख या हिशोबाने १ नॅनोलिटरमध्ये सरासरी अर्धी पेशी येते. पॉइसाँच्या नियमाने सुमारे ६१ टक्के खोल्या रिकाम्या राहतात. रिकामी खोली आणि मेलेल्या पेशीची खोली सिग्नलवर सारखीच दिसते. म्हणून प्रत्येक खोलीत सुरुवातीला पेशी होती की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली नोंदवल्याशिवाय ती मोजणीत धरू नये.

हेटरोरेझिस्टन्सचंही (बहुतेक पेशी संवेदनशील, मोजक्या प्रतिरोधक) तसंच. १० लाखांत एखादीच पेशी प्रतिरोधक असेल, तर १०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये एकूण पेशीच ५० हजार. ती तुमच्या वेलमध्ये बहुधा येणारच नाही. लहान आकारमानाचा सेन्सर असा उपसमूह पकडू शकत नाही, आणि अहवालात ही मर्यादा लिहिलेली असली पाहिजे.

---

कार्बनपट्टी

इलेक्ट्रोडबद्दल लिहितो, कारण सर्वात जास्त वाया जाणारे प्रयोग इथले असतात.

छापील पट्टीवरचा रेफरन्स चांदीच्या शाईचा असतो. चांदीचे आयन जिवाणूंना मारक असतात. थेंब ठेवून मिनिटभरात मोजायचं असेल तर हरकत नाही. पण तोच थेंब इलेक्ट्रोडवर ३ तास ठेवून सतत मोजणार असाल, तर ‘औषधाचा परिणाम’ म्हणून तुम्ही चांदीचा परिणाम मोजत असण्याची पूर्ण शक्यता आहे. तपासणी सोपी आहे: औषध न घालता जिवाणू पट्टीवर ३ तास ठेवा, तेवढेच जिवाणू साध्या वेलमध्ये ठेवा, दोन्हीकडून विरळ करून प्लेटवर पसरा. वसाहतींच्या संख्येत फरक पडला तर रेफरन्सवर ॲगारोजचा किंवा नॅफिऑनचा थर द्या, किंवा रेफरन्स मिठाच्या पुलाने वेगळा ठेवा.

रेझाझुरिनसाठी सोन्यापेक्षा कार्बन बरा. ज्या ऋण विभवात आपण काम करतो तिथे सोन्यावर विरघळलेल्या ऑक्सिजनचं क्षपण होतं आणि पायारेषा तिरकी होते. कार्बनवर ते आणखी पुढे, जास्त ऋण बाजूला जातं. नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन काढायचा असेल तर तो मोजण्याच्या क्षणी, उचललेल्या नमुन्यातून काढा. वाढीच्या वेलमधून काढलात तर पेशींचा श्वसनमार्गच बदलतो.

सोनं इम्पिडन्ससाठी वापरा. नवी पट्टी सरळ वापरू नका. ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात चक्रीय व्होल्टॅमेट्रीची ८-१० चक्रं द्या, सोन्याच्या ऑक्साइडचं क्षपण-शिखर लागोपाठच्या चक्रांत एकावर एक बसू लागलं की थांबा. जास्त चक्रांनी शाईचा थरच सुटतो. मग शुद्ध पाण्याने धुऊन ५ मिलिमोलर फेरी-फेरोसायनाइडमध्ये प्रत्येक पट्टी तपासा. दोन शिखरांमधलं अंतर आदर्श स्थितीत ५९ मिलिव्होल्ट असतं. छापील पट्ट्यांवर ते जास्तच येतं, पण एका गठ्ठ्यातल्या सगळ्या पट्ट्यांवर सारखं यायला हवं. वेगळी पडणारी पट्टी बाजूला काढा.

सुरक्षिततेचं एक: फेरी-फेरोसायनाइडचा कचरा आणि सल्फ्युरिक आम्लाचा कचरा एका बाटलीत कधीही टाकू नका. तीव्र आम्लात हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. दोन बाटल्या, दोन वेगळ्या रंगांची लेबलं.

आणि फेरी-फेरोसायनाइड वाढीच्या माध्यमात घालून तासन्‌तास मोजू नका. जिवाणू स्वतः फेरीसायनाइडचं क्षपण करतात, सोन्याचा पृष्ठभाग हळूहळू झिजतो, आणि चार्ज-ट्रान्सफर रेझिस्टन्स (इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीला होणारा विरोध) औषधाशी काहीही संबंध नसताना सरकत राहतो.

---

नवशिकी

खूप उपयोगी माहिती. माझा प्रश्न आलेखाबद्दल. २५९२२ ला ॲम्पिसिलिन १६ मिग्रॅ प्रति लिटर दिलं की पहिला तासभर सिग्नल औषध नसलेल्या वेलबरोबरीनेच चढतो, मग अचानक सपाट होतो. सेफ्टाझिडिममध्ये तर दोन तास चढतच राहतो. स्ट्रेन तर संवेदनशील आहे. औषध खराब झालं असेल का?

---

सूक्ष्मदर्शी

@नवशिकी, तेही तपासा, पण तुमचा आलेख औषध चांगलं असतानाही असाच येतो. सविस्तर सांगतो, कारण या धाग्याचा गाभाच हा आहे.

बीटा-लॅक्टम औषधं पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना, म्हणजे पीबीपींना, अडवतात. कुठल्या पीबीपीला अडवलं यावर पेशीचं रूप ठरतं. सेफ्टाझिडिम, ॲझट्रिओनाम, पिपरासिलिन हे मुख्यतः पीबीपी-३ ला धरतात. ते विभाजनाचं प्रथिन आहे. विभाजन थांबतं, लांबीची वाढ चालूच राहते. पेशीची लांब तार होते. संख्या तेवढीच, पण वस्तुमान, श्वसन आणि रेझाझुरिनचं क्षपण वाढतच जातं. ऑप्टिकल डेन्सिटीही चढते. तीव्रता बरीच वाढवली की इतर पीबीपीही अडतात आणि मग पेशी लवकर फुटतात, म्हणून कधीकधी एमआयसीच्या किंचित वर आलेख ‘वाढ’ दाखवतो आणि खूप वर लगेच सपाट होतो.

ओळखायचं कसं? ९० मिनिटांना वेलमधून ५ मायक्रोलिटर काढून १ टक्का ॲगारोजच्या पातळ गादीवर ठेवा आणि ४०० पटीने, फेज कॉन्ट्रास्टखाली बघा. साध्या पेशी २-३ मायक्रोमीटरच्या असतात. तारा २०-३० मायक्रोमीटर किंवा त्याहून लांब दिसतील, काहींच्या मधोमध फुगवटा आलेला असेल. तो फुगवटा म्हणजे पेशी फुटायच्या बेतात आहे. असं दिसलं तर सेन्सरचा निकाल ३ तासांआधी वाचू नका. मेसिलिनाम दिलं तर उलट, पेशी गोल होतात, कारण ते पीबीपी-२ ला धरतं.

बाकीचे गट थोडक्यात.

सिप्रो: डीएनएला इजा झाली की एसओएस प्रतिसाद (पेशीची डीएनए-दुरुस्तीची आणीबाणी) सुरू होतो, विभाजन थांबतं, इथेही तारा होतात. चयापचय तासभर सहज चालू राहतो. म्हणूनच ओहम यांच्या पद्धतीत रंग २ तासांनंतर आहे.

जेंटामायसिन: झटपट मारतं, पण पेशीत शिरायला पटलावरचं विभव लागतं. ऑक्सिजन संपलेल्या, घट्ट बंद केलेल्या छोट्या खोलीत ते कमी परिणामकारक दिसतं. आम्लधर्मी पीएचलाही तसंच. खोलीची उंची आणि झाकण यांचा परिणाम या औषधात सर्वाधिक. ब्रॉथमध्ये कॅल्शियम २० ते २५ आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिग्रॅ प्रति लिटर असावं लागतं, ते मुख्यतः अशा औषधांसाठी.

टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल: मारत नाहीत, थांबवतात. सिग्नलचा चढ हळूहळू कमी होतो, कुठेही खाली पडत नाही. ‘शून्य’ सिग्नलची वाट बघत बसू नका.

ट्रायमेथोप्रिम-सल्फा: पेशीत साठलेलं फोलेट संपेपर्यंत एक-दोन दुपटी होऊन जातात. दोन तासांच्या आत निकाल वाचणारा सेन्सर इथे खोटा ‘प्रतिरोधक’ देतो. माध्यमात थायमिडिन असेल तर आणखी वाईट. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनमध्येही (वेलमध्ये औषध विरळ करत एमआयसी मोजायच्या प्रमाण पद्धतीतही) या औषधाला वाढ ८० टक्क्यांनी घटलेली पहिली वेल एमआयसी धरतात, पूर्ण स्वच्छ वेलची वाट बघत नाहीत. तोच न्याय सेन्सरला लावा.

कोलिस्टिन: पटल फाडतं, द्रावणात आयन सुटतात, काही मिनिटांत इम्पिडन्समध्ये दिसतं. पण प्लास्टिकला आणि काचेला चिकटतं, त्यामुळे नळीत जेवढं घातलं तेवढं वेलमध्ये पोचत नाही. विरळ करण्याच्या पायऱ्या कमीत कमी ठेवा, प्रत्येक वेळी पिपेटचं नवं टोक घ्या, आणि सगळ्या प्रयोगांत एकाच प्रकारचं प्लास्टिक वापरा. तीव्रता कमी असेल तेव्हा हा घाटा टक्केवारीत सर्वात मोठा असतो, आणि एमआयसी नेमकी तिथेच असते.

---

ओहम

याला एक जोड. २०१५ साली ‘पीएनएएस’ या संशोधन-पत्रिकेत आलेल्या कामात दाखवलं होतं की वाढ रोखणारी औषधं पेशींचं श्वसन मंदावतात, तर मारणारी औषधं सुरुवातीला उलट वाढवतात. त्यामुळे मारक औषध दिल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात रेझाझुरिनचा चढ औषध नसलेल्या वेलपेक्षा थोडा जास्तही येऊ शकतो. तो भाग निकालात धरू नका, पण फेकूही नका. मारक आणि रोधक औषधातला फरक तिथेच दिसतो.

---

काजवा

रिपोर्टर स्ट्रेनबद्दल. इथे ल्युसिफरेज (प्रकाश देणारं एन्झाइम) आणि जीएफपी (चमकणारं प्रथिन) यांत गल्लत होते म्हणून लिहितो.

लक्स-ऑपेरॉन (ल्युसिफरेजच्या जनुकांचा संच) घेणार असाल तर फोटोरॅब्डस या जिवाणूचा घ्या. समुद्री व्हिब्रिओ फिशेरीचं ल्युसिफरेज ३० अंशांच्या वर टिकत नाही, फोटोरॅब्डसचं ३७ ला व्यवस्थित चालतं. लक्सला प्रकाश द्यायला क्षपित फ्लेविन, ऑक्सिजन आणि ऊर्जा लागते, म्हणजे पेशीचा चयापचय कोलमडला की प्रकाश लगेच घटतो. परिणाम बघायला हे सोयीचं. जीएफपी एकदा तयार झालं की पेशी मेली तरी चमकत राहतं, शिवाय परिपक्व व्हायला त्याला वेळ आणि ऑक्सिजन लागतो. ‘औषध दिल्यावरही चमक तशीच’ याचा अर्थ जिवंत असा नाही.

सिप्रोसाठी रेकए किंवा सुलए या एसओएस जनुकांच्या प्रमोटरमागे (जनुक चालू करणाऱ्या भागामागे) लक्स जोडलेला स्ट्रेन घ्या. एसओएस सुरू झालं की प्रकाश चढतो. आलेख घंटेच्या आकाराचा येतो: कमी तीव्रतेला काही नाही, एमआयसीच्या आसपास सर्वात जास्त, त्याच्या बरंच वर पुन्हा खाली, कारण पेशींना प्रथिनं बनवण्याचीही ताकद उरत नाही. एकाच तीव्रतेला मोजलं तर चढावर आहोत की उतारावर हे कळत नाही. किमान ६ तीव्रता घ्या. आणि शेजारी कायम चालू राहणाऱ्या प्रमोटरचा दुसरा स्ट्रेन ठेवून दोघांचं गुणोत्तर काढा, नाहीतर प्रतिसाद किती आणि पेशींची संख्या किती हे वेगळं होत नाही.

पांढऱ्या भिंतींच्या वेल-प्लेटमध्ये सिग्नल जास्त मिळतो, पण शेजारच्या वेलचा प्रकाश झिरपतो. खूप चमकणाऱ्या वेलशेजारी बिनजिवाणूची वेल ठेवून झिरपा किती आहे ते एकदा मोजून ठेवा.

---

प्रवाळ

रेझाझुरिन नको, रंग नको, नुसत्या इम्पिडन्सवर करायचं असेल तर? ॲगारोजच्या जेलमध्ये जिवाणू धरून सोन्याच्या पट्टीवर ठेवायची पद्धत वाचली आहे. माझा आलेख मात्र जिवाणू नसतानाही सरकतो.

---

कार्बनपट्टी

जिवाणू नसताना सरकतो याची तीन कारणं, याच क्रमाने तपासा.

तापमान: द्रावणाची वाहकता अंशामागे साधारण २ टक्क्यांनी वाढते. २५ अंशांवरून ३५ वर जाताना २० टक्के फरक निव्वळ तापमानाचा. जिवाणूंचा सिग्नल याहून लहान असू शकतो. पट्टी, जेल, जोडणीची केबल सगळं इनक्युबेटरमध्ये ३० मिनिटं ठेवून मगच पहिलं मोजमाप घ्या. दार उघडून नमुना बघणं बंद.

बाष्पीभवन: ३० मायक्रोलिटरचा जेलचा थेंब उघडा ठेवला तर तासाभरात आकसतो, मीठ दाट होतं, रेझिस्टन्स उतरतो, आणि ते हुबेहूब वाढीसारखं दिसतं. पट्टी झाकणाच्या डबीत ठेवा, शेजारी ओला टिश्यू. वेल-प्लेट असेल तर कडेच्या वेल नमुन्यांना देऊ नका, त्यात २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी भरा.

प्रथिनांचा थर: म्युलर-हिंटनमध्ये लिटरमागे १७.५ ग्रॅम केसिन हायड्रोलायझेट आणि २ ग्रॅम बीफ एक्स्ट्रॅक्ट असतं. ते सोन्यावर बसतं. पट्टी आधीच तासभर निव्वळ ब्रॉथमध्ये भिजवून ठेवली की हा सरकाव बराचसा आधीच होऊन जातो.

जेलसाठी: कमी तापमानाला वितळणारं ॲगारोज ०.५ टक्के, ब्रॉथमध्येच, पूर्ण वितळवून ३७ अंशांच्या पाण्यात आणा, मग जिवाणू आणि औषध मिसळा. ४५ च्या वर मिसळलं तर पेशींना उष्णतेचा धक्का बसतो. जेल टाकताना बुडबुडा राहिला तर ती पट्टी रद्द. मोजमाप १०० किलोहर्ट्‌झ ते ०.१ हर्ट्‌झ, १० मिलिव्होल्ट, ओपन-सर्किट विभवावर, दर १५ मिनिटांनी. ०.१ हर्ट्‌झपर्यंत जायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात जिवाणू बदलतात. सतत मोजताना १ हर्ट्‌झला थांबलात तरी चालतं. एकदा पूर्ण वर्णपट घेऊन कुठल्या वारंवारतेला फरक सर्वात मोठा येतो ते ठरवा आणि पुढे तिथेच बारकाईने बघा.

---

दशांश

आता आकड्यांचं. एकाच पट्टीवर तीन वेळा स्कॅन म्हणजे तीन नमुने नव्हेत. तीन वेगळ्या पट्ट्या, तीन वेगळ्या वेल, आणि वेगळ्या दिवशी वेगळ्या वसाहतींपासून पुन्हा. पट्ट्यांमधला फरकच बहुतेक वेळा सर्वात मोठा असतो, त्यामुळे प्रत्येक पट्टीचं मोजमाप तिच्याच सुरुवातीच्या मोजमापाने भागा.

प्रत्येक प्रयोगात निदान हे कंट्रोल हवेत: जिवाणू आहेत औषध नाही, औषध नाही जिवाणूही नाहीत, औषध आहे जिवाणू नाहीत, आणि उष्णतेने मारलेले जिवाणू. तिसरा सर्रास वगळला जातो आणि तोच सर्वात जास्त डोळे उघडतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि मेट्रोनिडॅझोल यांच्या नायट्रो गटाचं इलेक्ट्रोडवर क्षपण होतं, तेही आपण वापरतो त्याच ऋण बाजूला. औषधाचं स्वतःचं शिखर रेझाझुरिनच्या शिखराजवळ आलं की सिग्नल आणि पेशी यांचा निव्वळ बादरायण संबंध उरतो.

निकाल गुणोत्तराने लावा: औषध असलेल्या वेलचा चढ भागिले औषध नसलेल्या वेलचा चढ. कुठल्या गुणोत्तराखाली ‘वाढ रोखली’ म्हणायचं हा आकडा अंदाजाने ठरवू नका. एमआयसी आधीच माहीत असलेले संवेदनशील आणि प्रतिरोधक स्ट्रेन दोन्ही घेऊन तो बसवा, आणि ज्या स्ट्रेनवर बसवला त्यांच्यावरच तपासू नका. ॲम्पिसिलिनसाठी २५९२२ बरोबर एटीसीसी ३५२१८ ठेवा, त्यात टीईएम-१ बीटा-लॅक्टमेझ आहे. विस्तारित पल्ल्याच्या बीटा-लॅक्टमेझसाठी क्लेबसिएला न्यूमोनिए एटीसीसी ७००६०३. दोघांचंही एन्झाइम प्लाझमिडवर असतं आणि वारंवार पुन्हा-पुन्हा वाढवलं की प्लाझमिड गळून जातं. उणे ८० मधून दर वेळी ताजं काढा, आणि प्रतिरोधक कंट्रोल अचानक संवेदनशील निघाला तर आधी त्याच्याकडे संशयाने बघा, सेन्सरकडे नंतर.

ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनशी तुलना करताना सेन्सरची एमआयसी एका दुपटीच्या आत, वर किंवा खाली, आली तर जुळली असं धरतात. असं जुळणं किमान ९० टक्के हवं. पण सगळ्या चुका सारख्या नाहीत. प्रतिरोधक स्ट्रेनला संवेदनशील ठरवणं ही रुग्णाच्या जिवावर बेतणारी चूक आहे, ती वेगळी मोजा, सरासरीत लपवू नका. त्यासाठी संचात प्रतिरोधक स्ट्रेन पुरेसे असावे लागतात. ९५ संवेदनशील आणि ५ प्रतिरोधक घेऊन ‘९८ टक्के अचूक’ असं म्हणण्याला अर्थ नाही, कारण त्या दोन चुका पाचांपैकी दोन असू शकतात.

---

नवशिकी

सर्वांचे आभार. सूक्ष्मदर्शकाखाली तारा दिसल्या, फुगवट्यासकट. आता निकाल ३ तासांना वाचते. कंपनावर चालणारे सेन्सर, ज्यात वाढीची वाट बघावीच लागत नाही, त्यांचं काय?

---

सूक्ष्मदर्शी

तत्त्व असं: जिवंत पेशी सतत हलत असते, ती ज्यावर बसली आहे तेही हलतं, पेशी मेली की थांबतं. २०१३ मध्ये ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या कँटिलिव्हरवर (सूक्ष्म लवचीक पट्टीवर) ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस बसवून हे दाखवलं गेलं, २०२२ मध्ये डेल्फ्टच्या गटाने ग्राफीनच्या पडद्यावर एकेका पेशीचं कंपन मोजलं. निकाल मिनिटांत येतो. पण पेशी पृष्ठभागावर घट्ट बसल्या नाहीत तर त्या निघून गेल्या म्हणूनही कंपन थांबतं. म्हणून शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जागेवर आहेत ना हे बघावंच लागतं. ट्रायमेथोप्रिमसारख्या सावकाश औषधाला हे तंत्रही औषधाचा वेग ओलांडून पुढे जाऊ शकत नाही.

वेगाच्या बाबतीत माझा कल प्रतिमा बघण्याकडे आहे. २०२४ चं लाँजिट्यूड पारितोषिक मिळालेलं पीए-१०० हे यंत्र मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी आहे. ते अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये पेशी अडकवून प्रत्येकीच्या लांबीची वाढ फेज कॉन्ट्रास्टवर मोजतं आणि पाऊण तासाच्या आत संवेदनशीलता सांगतं. तिथे पेशी डोळ्यासमोर असते, त्यामुळे तार झाली की नाही हे वेगळं शोधावं लागत नाही.

---

प्रवाळ

मूत्राचा नमुना सरळ आपल्या पट्टीवर टाकला तर?

---

ओहम

इम्पिडन्सवर नको. मूत्राची वाहकता नमुन्यागणिक कित्येक पटींनी बदलते आणि जिवाणूंचा फरक त्यात बुडून जातो. पीएचही ५ ते ८ पर्यंत कुठेही असतो, आणि ५ ला जेंटामायसिन कमी परिणामकारक दिसेल. रेझोरुफिनची चमकही पीएच ६ च्या खाली घटते.

आधी ५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून पांढऱ्या पेशी काढा, त्याही रेझाझुरिनचं क्षपण करतात. गाळलेलं ३००० जी ला १० मिनिटं फिरवा, वरचं ओतून द्या, गोळा म्युलर-हिंटनमध्ये मिसळा, पुन्हा एकदा धुवा. धुणं टाळू नका. रुग्णाने आधीच प्रतिजैविक घेतलं असेल तर ते मूत्रात उतरलेलं असतं आणि न धुतलेल्या नमुन्यात औषध न घातलेली वेलही वाढत नाही. ती वेल वाढली नाही तर त्या नमुन्याचा कुठलाच निकाल देऊ नका. धुतल्यावर पेशींची संख्या ५ लाखांवर आणा, आणि त्यासाठी गढूळपणावर विसंबू नका, कारण मूत्रातले स्फटिकही गढूळ दिसतात. १० मायक्रोलिटर काढून मोजणी-कक्षात पेशी मोजा, शिवाय विरळ करून प्लेटवर पसरून ठेवा. प्लेट दुसऱ्या दिवशी सांगेल की नमुन्यात एकच जिवाणू होता की दोन. दोन निघाले तर सेन्सरचा निकाल रद्द.

---

दशांश

आणि त्या प्लेटवर २-३ वसाहती ओळख पटवायला काढून ठेवा. एमआयसीचा आकडा कुठल्या जिवाणूचा हे माहीत नसेल तर तो कुठल्या निकषाशी ताडायचा हेच ठरत नाही. एन्टेरोकोकस निघाला तर सेफॅलोस्पोरिनची अख्खी रांग निरुपयोगी, तो त्यांना मुळातच दाद देत नाही.